वसोना तळं: वाऱ्याकडे तोंड करून

[दृश्य: सकाळ. बांध, स्थिर पाणी, काठावर कॅनडा गूज या रानहंसांचा थवा]

कॅलिफोर्नियातल्या लॉस गॅटोस गावातलं हे वसोना लेक काउंटी पार्क. तळं नैसर्गिक नाही. १९३५ साली ओढ्यावर बांध घालून ते केलं, आणि तेही सहलींसाठी नव्हे. सांता क्लारा खोऱ्यातल्या फळबागांनी विहिरींचा इतका उपसा केला होता की जमीन खचत चालली होती. सॅन होजे शहराचा मधला भाग काही दशकांत सुमारे १३ फूट खाली बसला. हिवाळ्यातला पाऊस धरायचा आणि हळूहळू जमिनीत मुरवायचा, म्हणून हा बांध. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ऐकत वाढलेल्या माणसाला वेगळं समजावायला नको.

इथे पोहायला मनाई आहे, इंजिनाच्या बोटीही चालत नाहीत. म्हणूनच वल्ही शिकायला हे पाणी उत्तम.

[दृश्य: लाइफ जॅकेटचे पट्टे, जवळून]

जॅकेटचे पट्टे खालून वर आवळत या. मग कुणाला तरी खांद्याशी धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते सैल आहे. पाण्यात ते वर तरंगेल, माणूस खाली राहील. १३ वर्षांखालच्या मुलांनी ते चालत्या बोटीत घालूनच बसायचं, हा राज्याचा कायदा आहे. मोठ्यांसाठी बोटीत प्रत्येकी एक असावंच लागतं. आमचं म्हणणं, असण्यापेक्षा अंगात घाला.

[दृश्य: कयाकमध्ये बसणारी व्यक्ती]

कयाक म्हणजे वल्ह्याने चालणारी अरुंद, हलकी होडी. ती उलटते बहुधा काठालाच. एक पाय बोटीत, एक जमिनीवर, आणि बोट सरकते. त्यापेक्षा गुडघाभर पाण्यात बोट काठाला समांतर धरा, आधी बुड मधोमध टेका, मग एकेक पाय आत घ्या. वल्ह्याचं पातं पावलांपाशी पूर्ण बुडवायचं आणि कमरेपाशी बाहेर काढायचं. जोर दंडांचा नको, कंबर वळवून लावा, नाहीतर अर्ध्या तासात खांदे भरून येतात.

उन्हाळ्यात दुपारनंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकडून वायव्येचा वारा सुटतो. जाताना तो पाठीशी असला की मजा वाटते, आणि परतीला दमलेल्या हातांनी त्याच्याशी झुंजावं लागतं. म्हणून सकाळी निघा, आधी वाऱ्याकडे तोंड करून वल्हवा. उलटलात तर बोट सोडू नका. तिला धरून पाय मारत काठ गाठा.

[दृश्य: वाफेचं छोटं इंजिन]

लहान मुलांना शेजारच्या ओक मेडो पार्कमधली बिली जोन्स रेल्वे दाखवाच. रुळांमधलं अंतर १८ इंच, आणि तिचं जुनं वाफेचं इंजिन १९०५ सालचं.

मासे धरायचे असतील तर १६ वर्षांपासून पुढे परवाना लागतो. गूजना पोळी-पाव घालू नका. खायला मिळालं की थवा तिथेच मुक्काम ठोकतो आणि हिरवळीवर बसायची सोय उरत नाही.

[दृश्य: उलटी ठेवलेली कयाक, थेंब गळताहेत]

स्वतःची कयाक आणणार असाल तर बोटींच्या तपासणीचा सध्याचा नियम पार्ककडे आधी विचारा. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच स्टॉकटन बंदरात गोल्डन मसल हा परका शिंपला सापडला. तो पाइपांच्या आत थर धरून पाण्याची वाट बंद करतो, आणि त्याची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत. तेव्हा दुसऱ्या तळ्यातून आलेली बोट उलटी करून निथळवा, सीटखालचं पाणी फडक्याने टिपा, आणि दोरीसुद्धा खडखडीत वाळल्याशिवाय गाडीवर चढवू नका.