हळद पेवात, चिठ्ठी हातात

(पडद्यावर आयर्विन पुलाचं ड्रोन चित्रीकरण. कॉम्प्युटरच्या पंख्याचा आवाज.)

सांगलीतली एक खोली. लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग इथं चालतं, लिनक्सवर. आत्ता समोर कृष्णेवरचा पूल सरकतोय. ही एक फ्रेम केवढी? 1920 गुणिले 1080 ठिपके, प्रत्येकाला 4 बाइट. म्हणजे 82,94,400 बाइट. सेकंदाला 60 फ्रेम धरल्या तर जवळजवळ 50 कोटी. व्हिडिओ उलगडणारा वेगळा, खिडक्या मांडणारा वेगळा, पडद्यावर दाखवणारा तिसराच. प्रत्येकानं आपली प्रत काढली, तर नुसती हमालीच हमाली.

(हरिपूर. संगमाचा काठ.)

शेजारच्या हरिपुरात जमिनीखाली हळदीची पेवं होती. 2005 च्या महापुरात त्यांतली बरीच गेली. आत हळद भरून तोंड लिंपलेलं पेव डोळ्यांसमोर आणा. माल जागचा हलत नाही. कुठल्या पेवात काय आहे, एवढी चिठ्ठी हातात असली की झालं.

लिनक्समध्ये ही सोय म्हणजे डीएमए-बफ. फ्रेम मेमरीतल्या एकाच जागी, म्हणजे बफरमध्ये, राहते; हातोहात फिरते ती फक्त तिची चिठ्ठी. सुमित सेमवाल यांनी लिहिलेला हा कोड 2012 मध्ये कर्नल 3.3 सोबत आला. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. त्याआधी कॅमेऱ्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते यंत्र चालवणारा कोड, आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर यांचे मेमरीचे संसार वेगळे होते. शिवाय ग्राफिक्सच्या जुन्या पद्धतीत बफरला सगळ्यांसाठी एकच नंबर असायचा. तो अंदाजानं जुळवला की दुसऱ्याचं चित्र उघडं पडायचं. आताची चिठ्ठी म्हणजे फाइल डिस्क्रिप्टर, कर्नलनं एकेका प्रोग्रामपुरता दिलेला आकडा. ज्याच्या हाती दिला, त्यालाच तो चालतो.

मला यातलं सगळ्यात देखणं काम वाटतं ते थांबण्याचं.

(फाटलेली फ्रेम, जवळून.)

हे बघा. वर आधीच्या फ्रेमचा कठडा, खाली नव्या फ्रेमचे खांब, बोटभर सरकलेले. ग्राफिक्स कार्ड रंगवत असतानाच पडद्यानं वाचायला घेतलं की पूल असा मधोमध फाटतो. म्हणून बफरला फेन्स जोडलेला असतो. रंगकाम पुरं झालं की तो खूण करतो, तोवर वाचणारा थांबतो. पूर्वी ड्रायव्हर हे आपापसांत परस्पर सांभाळायचे. आता ॲप्स स्वतःच फेन्स पुढच्याच्या हाती देऊ लागली आहेत.

(एडिटिंगची खिडकी बंद होते.)

प्रोग्रामनं आपली चिठ्ठी सोडली. तो मधेच कोसळला असता, तरी कर्नलनं ती काढून घेतलीच असती. पण पडदा अजून हीच फ्रेम दाखवतोय, त्याची चिठ्ठी शिल्लक आहे. पूल मेमरीत जागच्या जागी आहे.

पुढची फ्रेम लागते. शेवटची चिठ्ठी सुटते. पेव रिकामं.