बारामतीकडं शेतावर मुक्काम? अंजीर, वाइन, गूळ या क्रमानं घ्या

नमस्कार मंडळी. "बारामतीकडं कृषी पर्यटनाला चाललोय, वाटेत काय घ्यायचं?" असं बरेच जण विचारताय, म्हणून आजचा व्हिडिओ.

कधी जायचं? फेब्रुवारीअखेर ते मार्च. अंजिराचा मीठा बहार, म्हणजे गोड फळांचा हंगाम, चालू असतो, वाइनच्या द्राक्षांची काढणी चालू असते, गुऱ्हाळंही पेटलेली असतात.

पुण्याहून जाताना दिवे घाट, सासवड, जेजुरी, मोरगाव. येताना बारामती, रोटी घाट, पाटस, चौफुला. हे उलटं करू नका, कारण अंजीर. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फळ फार गोड, पण साल इतकी पातळ की दुसऱ्या दिवशी पाटीच्या तळाची फळं पाणी सोडतात. सासवडला सकाळी घ्या, रात्री शेतावर संपवा. देठातून पांढरा चीक येत असेल तर फळ कच्चं तोडलंय, ओठ खाजतील.

परतताना रोटी गावात फोर सीझन्सची वाइनरी. आधी फोन करून वेळ घ्या, ड्राय डे आहे का तेही विचारा. वाइनसाठी वयाची अट २१ वर्षं. गाडी चालवणाऱ्यानं चव घेऊन थुंकायचं, गिळायचं नाही. टेस्टिंगमध्ये थुंकायला भांडं ठेवायची पद्धत असते, लाजू नका.

आता नीट ऐका. बाटल्या डिकीत ठेवायच्या नाहीत. "डिकीत तर सावली असते" ही कमेंट दर वेळी येते. सावली असते, पण एसीची हवा तिथं पोचत नाही. बंद पत्र्याची पेटीच ती. मार्चच्या दुपारी उभ्या गाडीत ५० अंशांच्या आसपास तापमान जातं. वाइन मुरते १२ ते १५ अंशांवर.

बाटलीत काय होतं? द्रव फुगतो, बुचाला वर ढकलतो. बूच काचेच्या कडेपेक्षा वर आलेलं दिसलं, किंवा त्याच्या बाजूनं चिकट ओघळ दिसला, की समजा वाइन शिजली. ताज्या फळाचा वास जातो, मुरंब्यासारखा येतो. फिरकीच्या झाकणाची बाटली बाहेरून ठीक दिसते, आतली चव तरीही गेलेली असते.

खरी अडचण पुढं आहे. वाइनरीनंतर चौफुल्याजवळ केडगावच्या बाजूला गुऱ्हाळावर थांबणार ना? तिथं तासभर गाडी उन्हात उभी राहते, आणि बाटल्या वाया जातात त्या इथंच. म्हणून घरून थर्माकोलची पेटी आणा. पाण्याच्या दोन बाटल्या शेतावरच्या फ्रीझरमध्ये रात्रभर गोठवा, फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवा. पेटी मागच्या सीटखाली, पायाशी. गुऱ्हाळावर उतरताना पेटी बरोबर उतरवायची, मंडपाच्या सावलीत ठेवायची, चुलाणापासून लांब. जड वाटली तरी उतरवा.

गुऱ्हाळावर काहिलीतला रस उकळताना बघा. रानभेंडीच्या चिकानं मळी वर येते, ती झाऱ्यानं काढतात. पिवळाधमक, जवळजवळ पांढरा गूळ मागू नका. तो रंग बहुधा हायड्रॉस पावडरनं, म्हणजे रंग उजळवणाऱ्या रसायनानं, आणलेला असतो. तांबूस-तपकिरी ढेप घ्या. काकवीसाठी स्टीलचा डबा न्या. गरम काकवी पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत ओतली की बाटली आकसते आणि हातावर सांडते. गूळ डिकीत टाकला तरी चालेल, फक्त कोरडा ठेवा. ओल लागली की पाघळतो.

घरी आल्यावर वाइन लगेच उघडू नका. एक दिवस थंड, अंधाऱ्या कपाटात ठेवा. मग पांढरी ८ ते १० अंशांवर, लाल १६ ते १८ वर. पुण्यात मार्चमध्ये लाल वाइनही प्यायच्या आधी वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवावी लागते.