डोहाळजेवण उशिरा होतं

(साताऱ्यात महिला मंडळापुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मैत्रिणींनो, मला विषय दिलाय तो गरोदरपणातल्या मळमळीवरच्या घरगुती उपायांचा. उपायांकडे येतेच, पण आधी माझं एक म्हणणं ऐका.

आपण डोहाळजेवण करतो सातव्या महिन्यात. हिरवी साडी, फुलांची वाडी, पंचपक्वान्नं. आणि तिला अन्न जात नाही कधी? मळमळ साधारण सहाव्या आठवड्यात सुरू होते, नवव्याच्या सुमारास अगदी जोरात असते आणि बहुतेकींची चौथा महिना लागता लागता ओसरते. नेमके तेच तीन महिने आपण तोंडाला कुलूप लावतो. सांगायचं नाही, दृष्ट लागते! मग तिला सवलत देणार कोण? दहातल्या सात-आठ जणींना हा त्रास होतो. इथे कुणाकुणाला झाला, हात वर करा बरं. बघा, मागच्या रांगेतल्या आजींचाही हात वर आहे.

कोरेगावकडची एक सून माझ्याकडे यायची. एकत्र कुटुंब, पहाटेपासून चुलीपाशी. लसणाची फोडणी पडली की तोंडाला पदर लावून गोठ्यामागे पळायची. सासू आणि नवरा सोडले तर कुणाला काही माहीत नाही, त्यामुळे जावा म्हणायच्या, कामचुकार आहे. घरचं आल्याचं शेत, सोप्यात पोती रचलेली, पण हिच्या चहात आलं नाही. का, तर 'गरम पडतं'! मी सासूला म्हटलं, "मावशी, गावाला नका सांगू, पण जावांना तरी सांगा." तर म्हणाल्या, "बाई, चौथा लागल्याबिगर आमच्यात बोलत न्हाईत." मी म्हटलं, "बरं, बोलू नका. फोडणी तेवढी दुसरीला घालू द्या." पुढच्या खेपेला त्या आपणहून म्हणाल्या, "उशाला चिरमुऱ्याचा डबा ठेवलाय. मूठभर खाल्ल्याबिगर तिला उठू देत न्हाई." मला फार बरं वाटलं. अर्धं औषध त्या डब्यातच होतं.

घड्याळ दाखवताहेत, तेव्हा भराभर सांगते. पोट रिकामं राहिलं की मळमळ वाढते, म्हणून दर दोन तासांनी थोडं थोडं खा. पाणी जेवताना घटाघटा नको, मधल्या वेळात घोट घोट घ्या. वाफाळत्या जेवणापेक्षा गार दहीभाताला वास कमी येतो. आलं जरूर घ्या. सुंठ असेल तर दिवसभरात मिळून एक ग्रॅमपर्यंत. त्यानं मळमळ कमी होते, उलटी थांबेलच असं नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून कोपराकडे तीन बोटं सोडून, मधल्या दोन ताठ दोरीसारख्या स्नायुबंधांच्या मध्ये दाबलं की काहींना आराम पडतो. फॉलिक ॲसिडची गोळी मात्र चुकवू नका.

आणि हे मनाचे खेळ नाहीत हो. गर्भ आणि वारेतून येणाऱ्या जीडीएफ-१५ या संप्रेरकाचा यात मोठा हात आहे, हे २०२३ च्या संशोधनात दिसलं. मळमळीवर दिल्या जाणाऱ्या थॅलिडोमाइड या गोळीमुळे १९५० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९६० च्या सुरुवातीला जगभर मुलं व्यंग घेऊन जन्मली, त्यामुळे गोळीची धास्ती मी समजू शकते. पण आज डॉक्टर देतात ती ब-६ आणि डॉक्सिलामीनची गोळी वेगळी आहे, सुरक्षित आहे.

शेवटचं. चोवीस तास पाणीही टिकत नाही, आठ तास लघवी नाही, किंवा पन्नास किलोच्या मुलीचं वजन अडीच किलोनं उतरलं, तर सुंठ बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात या. तिला सलाईन लागेल. तिसरा महिना संपायची वाट बघू नका.