तीन वर्षांची लस आणि दर वर्षीचं इंजेक्शन

(जागतिक रेबीज दिनानिमित्त सावंतवाडीत एका पशुवैद्यकाने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. 28 सप्टेंबर हा लुई पाश्चर यांचा स्मृतिदिन, म्हणून जगभर तो रेबीज दिन पाळतात. दवाखान्यात मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्नच आज घेतो. "डॉक्टर, गेल्या वर्षी टोचलं होतं ना? मग परत कशाला?"

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. "नियम आहे" एवढंच सांगून पाळणाऱ्याला वाटेला लावणं मला पटत नाही.

लस कुत्र्याच्या अंगात किती काळ काम करते, हे खात्रीने कळायचा रस्ता फार कठोर आहे. अमेरिकेत एखाद्या लशीला तीन वर्षांचा परवाना हवा असेल, तर लस दिलेली किमान 25 कुत्री आणि न दिलेली 10 कुत्री तीन वर्षं संसर्गापासून दूर सांभाळतात. मग दोन्ही गटांना जिवंत विषाणू टोचतात. लस न दिलेल्या दहापैकी आठ तरी रेबीजने आजारी पडली पाहिजेत, आणि लस दिलेल्या पंचवीसपैकी 22 तरी पुढचे 90 दिवस ठणठणीत राहिली पाहिजेत. तरच बाटलीवर तीन वर्षं असं छापता येतं. त्या जनावरांच्या जिवावर हा आकडा उभा आहे, म्हणून तो मला मोलाचा वाटतो.

तीन वर्षांच्या पुढे काय होतं? 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात 65 बीगल कुत्री होती. लशीच्या गटातल्या पिल्लांना बाराव्या आणि पंधराव्या आठवड्यात डोस दिले, नंतर एकही नाही. साधारण साडेपाच वर्षांनी विषाणू टोचला, तेव्हा लस घेतलेली सगळी वाचली. सहा वर्षं सात महिन्यांनी पाचपैकी चार वाचली. सात-आठ वर्षांच्या टप्प्यावर मात्र निम्मी किंवा त्याहून कमी. म्हणजे प्रतिकारशक्ती तीन वर्षांच्या पलीकडे जाते हे खरं, आणि पुढे ती ढासळते हेही तितकंच खरं.

इथे रक्ताच्या चाचणीचा विषय येतो. परदेशी जाणाऱ्या कुत्र्यांची अँटीबॉडी तपासतात. एका मिलिलीटरमध्ये 0.5 आंतरराष्ट्रीय एकक किंवा जास्त निघालं की कुत्रा पास. पण आकडा त्याखाली गेला म्हणजे कुत्रा उघडा पडला, असं समजू नका. लशीने शरीरात स्मृतिपेशीही तयार होतात आणि विषाणू पुन्हा दिसला की त्या झपाट्याने कामाला लागतात. रेबीजचा विषाणू चावल्या जागेवरून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो आणि त्याला सहसा काही आठवडे ते महिने लागतात. एकदा का तो तंतूत शिरला, की त्याला गाठणं कठीण. म्हणून बंदोबस्त आधीपासून हवा.

पिल्लांचं गणित थोडं वेगळं. आईला लस मिळालेली असेल तर तिच्या दुधातून आलेल्या अँटीबॉडी पिल्लाच्या लशीला अडवू शकतात, म्हणून पाळलेल्या पिल्लाला तीन महिने पूर्ण झाल्यावर टोचतो. शिवाय पहिल्या एकाच डोसाने चढलेली पातळी पुष्कळ कुत्र्यांत काही महिन्यांतच उतरते. आपल्यासारख्या रेबीज असलेल्या भागात तीन-चार आठवड्यांनी दुसरा डोस आणि वर्षाने बूस्टर देतात तो त्यासाठीच. हे तीन डोस म्हणजे पाया. त्यात चालढकल नको.

पुढे? बाटलीसोबतचा कागद वाचा. लशीला वर्षाचा परवाना असेल तर दर वर्षी द्या. तीन वर्षांचा असेल, कार्ड व्यवस्थित असेल आणि तुमच्या नगरपालिकेची दर वर्षाची अट नसेल, तर तीन वर्षांनी देणं पूर्णपणे शास्त्राला धरून आहे, आणि तसं सांगायला आम्ही डॉक्टरांनी कचरू नये. तारीख उलटून वर्ष गेलं असेल तरी घाबरू नका. कॅन्सस स्टेट विद्यापीठाच्या 2015 च्या अभ्यासात असं दिसलं, की मुदत उलटलेल्या कुत्र्यांनी बूस्टरला वेळेवर लस घेतलेल्या कुत्र्यांच्या तोडीचाच प्रतिसाद दिला. आहे तसा कुत्रा घेऊन या, एक डोस द्या, तिथून पुढे मोजा.

आता मला ज्यासाठी इथे यायचं होतं ते बोलतो. तुमच्या घरातला कुत्रा तीन वर्षं सुरक्षित राहील, पण तुमची आळी तीन वर्षं सुरक्षित राहत नाही. लस कुत्र्याच्या अंगात टिकते, पण लस घेतलेला कुत्राच गल्लीत टिकत नाही. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या 95 विणींतली 364 पिल्लं पाहिली. सात महिन्यांपर्यंत जगली ती जेमतेम 19 टक्के, आणि मेलेल्यांपैकी बहुतेकांच्या मरणात माणसाचा हात होता. मोठी कुत्रीही गाडीखाली जातात, आजाराने जातात. त्यांच्या जागी येणारं प्रत्येक नवं जनावर बिनलशीचं असतं.

जागतिक आरोग्य संघटना 70 टक्के कुत्र्यांना लस द्या म्हणते, त्यामागे हाच हिशेब आहे. पिसाळलेला एक कुत्रा सरासरी एक ते दोन कुत्र्यांना रोग देतो. गोवराच्या मानाने हा वेग काहीच नाही, म्हणून साखळी तोडायला निम्म्याहून कमी कुत्र्यांची लस पुरते. पण समजा, आज शंभरातली सत्तर टोचली आणि वर्षात त्यांतली तिसरा हिस्सा गेली, तर उरली सत्तेचाळीस. दुसऱ्या वर्षी मोहीम चुकली की तिशीच्या आसपास. तेवढ्यात कुठून तरी एक पिसाळलेला कुत्रा आला की सगळी मेहनत मातीत. बाटलीवर तीन वर्षं लिहिलंय म्हणून तीन वर्षांतून एकदा मोहीम काढू, असा विचार कोणी करत असेल तर त्याला हा हिशेब कागदावर मांडून दाखवा.

महिना कोणता, यावरही माझं ठाम म्हणणं आहे. भाद्रपद हा कुत्र्यांचा महिना, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. गाभण राहिल्यापासून साधारण 63 दिवसांनी पिल्लं, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात. रेबीज दिनाचं औचित्य साधून सप्टेंबरअखेरीस मोहीम काढली, की त्या हंगामाची सगळी पिल्लं सुटतात. तीच पिल्लं पोरं कडेवर घेऊन फिरतात. माझं मत, मोठी मोहीम माघ-फाल्गुनात घ्या. आणि मोहिमेत समोर आलेलं पिल्लू तीन महिन्यांचं नाही म्हणून सोडू नका. टोचा, काही महिन्यांनी परत टोचा. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही मोहिमेत पिल्लं वगळू नका असाच आहे.

हे जमतं का? गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडा, पलीकडे जमलंय. मिशन रेबीज ही संस्था आणि गोवा सरकार यांनी मिळून वर्षाला लाखाच्या घरात कुत्री टोचली. पाळलेला कुत्रा मालक धरतो, मोकाट कुत्र्यावर जाळं टाकतात. मानेमागची सैल कातडी चिमटीत धरून एक मिलिलीटर लस, डोक्यावर रंगाचा पट्टा, मोबाइलवर जागेची नोंद, जाळं सोडलं. तो पट्टा फार कामाचा. दुसऱ्या दिवशी त्याच वस्तीत फेरी मारून पट्ट्याची आणि बिनपट्ट्याची कुत्री मोजतात, म्हणजे सत्तर टक्के झाले की नाही हे लगेच कळतं. कमी भरलं तर तुकडी परत जाते. जोडीला शाळाशाळांतून मुलांना शिकवलं आणि संशयित कुत्र्यांची प्रयोगशाळेत तपासणी केली. 2018 पासून पुढची काही वर्षं तिथे रेबीजने माणूस दगावला नाही, आणि 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं. आपल्याकडचं बांदा आणि गोव्यातलं पेडणं या पट्ट्यात दोन्ही बाजूंनी एकाच पंधरवड्यात लसीकरण झालं तर ते काम जास्त टिकेल.

बालीमध्ये याच्या उलट घडलं. 2008 मध्ये तिथे रेबीज शिरला आणि आधी कुत्री मारायचा सपाटा लावला. रोग पसरतच गेला, कारण मारलेल्यांत लस दिलेलीही होती आणि रिकाम्या जागी नवी बिनलशीची आली. बेटभर लसीकरण सुरू केल्यावर आकडे खाली आले. लस दिलेला कुत्रा आहे तिथेच राहिला तर तो तुमच्या आळीची भिंत असतो.

लस सांभाळण्याबद्दल एवढंच. ती 2 ते 8 अंशांत ठेवायची. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवून गोठली तर वाया गेली. द्यायच्या आधी बाटली हलवायची, कारण औषध तळाशी बसतं. आणि डोस सगळ्यांना एकच, पामेरियन असो की ग्रेट डेन. "लहान आहे, अर्धीच द्या" म्हणणारे भेटतात. तसं करू नका.

शेवटी चावण्याबद्दल. कुत्र्याचं कार्ड अगदी कालचं असलं तरी जखम नळाच्या धारेखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. लगेच सरकारी दवाखाना गाठा. पोटातली चौदा इंजेक्शनं आठवून पुष्कळ वडीलधारे अजून टाळाटाळ करतात. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती लस आपल्या देशात 2004 नंतर बंद झाली. आता दंडावर थोडे डोस असतात आणि रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटीबॉडीही भरतात. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा, पण आपली सुई त्या दहा दिवसांसाठी थांबवू नका. दहा दिवसांनी कुत्रा धडधाकट असला तर पुढचे डोस द्यायचे की नाही ते डॉक्टर ठरवतील.