गुरुवारची गोळी

नमस्कार श्रोतेहो. आज आमवाताबद्दल बोलायचं आहे, डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो सांध्यांचा आजार. औषधाला जास्त भ्यायचं की आजाराला? पण आधी मावशीचं सांगते.

मावशी साताऱ्याची. सकाळी दोन-दोन तास तिची मूठ वळायची नाही. लोणच्याची बरणी नातू उघडून द्यायचा. बोटं इतकी सुजली की अंगठी सोनाराकडे जाऊन कापून घ्यावी लागली. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट लिहून दिलं. शेजारचा मुलगा मोबाइलवर वाचून म्हणाला, "काकू, हे तर कॅन्सरचं औषध!" झालं. गोळ्यांची पट्टी मिसळणाच्या डब्यामागे गेली आणि तीन महिने तिथेच राहिली.

मी गेले तेव्हा म्हणाली, "लिव्हर बिघडलं तर कोण निस्तरणार?" मी पट्टी ओट्यावर ठेवली. विचारलं, "आजीचे हात आठवतात?" आजी म्हणजे तिची आई. बोटं करंगळीकडे कललेली, वाऱ्यानं ज्वारीची ताटं कलतात तशी. शेवटी शेवटी वरणभातही भरवावा लागायचा. मावशी बराच वेळ आपल्या हातांकडे बघत बसली. मग म्हणाली, "रक्त किती दिवसांनी तपासायचं?"

श्रोतेहो, हाच प्रश्न विचारायचा. कॅन्सरमध्ये मेथोट्रेक्सेटची मात्रा कितीतरी मोठी असते. आमवातात आठवड्याला साधारण 7.5 ते 25 मिलिग्रॅम. अमेरिकेत या आजारासाठी त्याला 1988 सालीच मान्यता मिळाली. लिव्हरला, रक्तपेशींना त्रास होऊ शकतो, हे खरंच. पण तो बहुतेक वेळा रक्ततपासणीत कळतो आणि मात्रा कमी करता येते, औषध थांबवता येतं. आजारानं खाल्लेलं हाड परत भरून येत नाही. गोळी न घेण्यातही धोका आहे, तो फक्त चिठ्ठीवर लिहिलेला नसतो.

गोळी आठवड्यातून एकदाच. पुन्हा सांगते, आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. चिठ्ठीवर वार मराठीत, ठळक लिहायला हवा. एसटीची पाटी मराठीत असते, मग औषधाची चिठ्ठीच इंग्रजीत कशाला? सोबत डॉक्टर सांगतील त्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिड, म्हणजे एका जीवनसत्त्वाची गोळी. दारू टाळायची, आणि दिवस राहण्याची शक्यता असेल तर हे औषध नकोच.

मावशीनं गुरुवार धरला, कॅलेंडरवर खूण करून. गुण यायला दोन महिने लागले. तिसऱ्या महिन्यात बरणी तिनं स्वतः उघडली, झाकण पदरात धरून. परवा तिचा फोन आला, "रिपोर्ट आलाय. लिव्हरचं ते एसजीपीटी 32. बरोबर आहे ना गं?"