एकट्याकडे शेवटी

सेंट व्हिन्सेंट डी पॉल या फ्रेंच धर्मगुरूंचं नाव घेतलं की वसईकडच्या मंडळींना धर्मग्रामातली (पॅरिशमधली) त्यांच्या नावाची, गरिबांना मदत करणारी सोसायटी आठवते. ती वेगळी, १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांनी पॅरिसमध्ये काढलेली. मी आज बोलणार आहे त्या दोनशे वर्षं आधीच्या बायकांविषयी, म्हणजे व्हिन्सेंटनी उभ्या केलेल्या, घरोघरी जाऊन रोग्यांची सेवा करणाऱ्या डॉटर्स ऑफ चॅरिटींविषयी.

ऑगस्ट १६१७. फ्रान्समधलं शातियों गाव. मिस्साच्या आधी फादर व्हिन्सेंटना निरोप येतो की गावाबाहेरच्या एका घरात सगळेच आजारी पडलेत, बघायला कुणी नाही. त्यांनी ते प्रवचनात सांगितलं. दुपारी स्वतः निघाले, तर वाटेत त्या घरी जेवण घेऊन जाणाऱ्या बायकाच बायका! उन्हाने दमून काहीजणी रस्त्याच्या कडेला टेकलेल्या. आज त्या घरी जेवण उरून नासणार, आणि परवा? परवा कोण जाणार?

म्हणून त्यांनी नियम लिहिले. पाळ्या लावल्या. रोग्याच्या अंथरुणावर मेज कसं मांडायचं, त्यावर रुमाल, पेला, चमचा, पाव. मांस कापून द्यायचं, गोडीने बोलायचं. आणि त्यात एक कलम असं: ज्याच्याजवळ घरचं माणूस आहे त्याच्याकडे आधी जा, एकटा असेल त्याच्याकडे शेवटी. वाचलं तेव्हा मला हे उलटंच वाटलं होतं. एकट्याला आधी नको का? पण शेवटी गेलं की उठायची घाई नसते, त्याच्यापाशी जास्त वेळ बसता येतं.

पॅरिसमध्ये मात्र घोडं अडलं. बड्या घरच्या बायका पैसा द्यायच्या आणि रोग्यांकडे मोलकरणींना पाठवायच्या. तेव्हा पुढे आल्या खेड्यातल्या पोरी. पहिली मार्गारित नासो, सुरेनची गुराखीण. गाई राखता राखता, येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून अक्षरं विचारत ती वाचायला शिकली. १६३३ साली प्लेग झालेल्या एका बाईला तिने आपल्याच अंथरुणात घेतलं आणि त्यातच गेली. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला लुईज द मारिलाक या विधवा बाईंनी अशा मोजक्या मुलींना आपल्या घरी ठेवून घेतलं. त्याच डॉटर्स ऑफ चॅरिटी.

आता अडचण अशी की, व्रतस्थ बाईने मठाच्या भिंतीआड राहायचं हा त्या काळचा चर्चचा कायदा. आनेसी गावच्या व्हिजिटेशन या व्रतस्थ बायकांच्या संघाचं नावच मुळी भेटीवरून पडलेलं, रोग्यांच्या घरी जायचं हे ठरलेलं. १६१८ साली त्याही बंदिस्त झाल्या. व्हिन्सेंटनी हे पाहिलं होतं. त्यांनी पोरींना पढवून ठेवलं, बिशपने विचारलं तर सांगा, आम्ही नन नाही! तुमचा मठ म्हणजे रोग्यांची घरं, खोली भाड्याची, चॅपल धर्मग्रामाचं, आणि मठाच्या आवाराऐवजी शहरातले रस्ते. व्रतंसुद्धा वर्षापुरती, आजही त्या ती दर वर्षी नव्याने घेतात.

अंगावर पॅरिसच्या आसपासच्या शेतकरी बायकांचा करडा झगा. रस्त्यात पाहणाऱ्याला वाटावं, कुणाच्या तरी घरी कामाला निघालीय. हातात सुपाचं भांडं.