पावसाळ्यानंतर जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीचे डिफरन्शियल ऑइल कसे बदलावे?

नमस्कार. डिफरन्शियल म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या आसाच्या (अ‍ॅक्सलच्या) मधला, इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणारा गिअरचा गोळा. त्यातले ऑइल किती किलोमीटरला बदलावे हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. परंतु कोकणात हा हिशेब किलोमीटरपेक्षा पाण्यावर ठरवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कुंभार्ली घाट उतरून आलेल्या गाडीचे अ‍ॅक्सल चांगलेच तापलेले असते, आणि तशीच ती भरलेल्या वहाळात (ओढ्यात) घातली की आतली हवा एकदम आकुंचन पावून बाहेरून ओढ लागते. अ‍ॅक्सलवरचा ब्रीदर (हवा ये-जा करण्याची छोटी झडप) मोकळा आणि पाण्याच्या वर असेल तर तिथून हवा आत येते. तो लाल मातीने बुजलेला असेल तर ऑइल सीलच्या (ऑइल बाहेर येऊ न देणाऱ्या रबरी कडीच्या) कडेने पाणी शिरते. जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात ज्या गाड्या बुडाल्या, त्यांच्या बाबतीत तर ऑइल बदलावे की नाही, असा विचार करण्याचाही प्रश्न नव्हता.

गाडी थोडी फिरवून आणा, म्हणजे ऑइल पातळ होईल, आणि सपाट जागेवर उभी करा. एक बाजू जॅकवर उचलली तर ऑइलची पातळी चुकते; जुन्या जीपखाली तसेही सहज शिरता येते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. खालचा प्लग सोडण्यापूर्वी वरचा, म्हणजे ऑइल भरण्याचा प्लग उघडतो का, ते पाहा. खाऱ्या हवेने हे प्लग जाम होतात, आणि जुने ऑइल काढून टाकल्यावर नवे भरण्याची वाटच बंद आहे असे लक्षात आले, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. आदल्या रात्री तारेच्या ब्रशने गंज काढून त्यावर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. काही जुन्या अ‍ॅक्सलना खालचा प्लगच नसतो. तिथे मागचे कव्हर उघडावे किंवा पंपाने ऑइल ओढून काढावे.

निघालेले ऑइल नीट बघा. ते दुधाळ, चहासारखे दिसले तर पाणी शिरले आहे. प्लगला चुंबक असेल तर त्यावरचा बारीक करडा लगदा ही नेहमीची झीज समजावी; मात्र बोटाला टोचणारे तुकडे निघाले तर क्राऊन-पिनियन (डिफरन्शियलमधली दातेरी चाकांची जोडी) किंवा बेअरिंग तपासल्याशिवाय नवे ऑइल भरण्यात अर्थ नाही.

क्राऊन-पिनियनचे दाते एकमेकांवर दाबाखाली घसरत फिरतात, म्हणून इथे बहुधा जीएल-५ दर्जाचे ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल लागते. तरी आपल्या गाडीची पुस्तिका प्रमाण मानावी. उरलेले ऑइल गिअरबॉक्समध्ये ओतण्याचा मोह टाळावा, कारण त्यातील काही रसायने तिथल्या पितळी भागांना मानवत नाहीत. वरच्या प्लगच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत ऑइल आले, म्हणजे बाहेर ओघळू लागले, की थांबावे.

आपल्याकडे बरेच जण केवळ मागचे ऑइल बदलतात. वर्षभर फोर-व्हील लावलेच नाही, असे त्यांचे म्हणणे असते. पण वहाळात पुढचे अ‍ॅक्सल आधी बुडते.

ब्रीदर काढून, फुंकून, मोकळा करून बसवावा. जुने ऑइल परसात किंवा खाडीत न ओतता डब्यात भरून ते गोळा करणाऱ्या अधिकृत व्यावसायिकाकडे द्यावे. दोन-तीन दिवसांनी प्लगभोवती ओल दिसली, तर वायसर बदलावा.